उशीचा मतदारसंघ

विधानसभा निवडणुकीचा निकाल जाहीर झाल्यानंतरच्या दुसऱ्या महिन्यात, एका सोमवारी सकाळी, पूर्व मतदारसंघाच्या अगदी पश्चिम कडेला असलेल्या एका शिवणकामाच्या दुकानात न्यायालय भरले. न्यायालयाच्या इमारतीत खोल्यांचा तुटवडा होता असे नव्हे; परंतु जी वस्तू न्यायालयाला पाहायची होती ती उचलून तिथे नेता येण्यासारखी नव्हती. ती वस्तू म्हणजे एका बाईची झोपण्याची जागा.

ज्यांना सारी गल्ली नुसते 'मास्तर' म्हणत असे ते दुकानाचे मालक गळ्यात मापाची फीत घालून दाराशी उभे होते. फीत काढून ठेवावी की राहू द्यावी, याचा निर्णय त्यांना सकाळपासून करता आला नव्हता. त्यांच्या डोळ्यांदेखत न्यायालयाच्या शिपायाने कापड बेतायच्या लांब टेबलावरची अर्धवट कापलेली विजार अलगद एका बाजूला सरकवली, तिच्या जागी हिरवे कापड अंथरले आणि त्यावर कागदपत्रे, शाईची दौत आणि शिक्का मांडला. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या खुर्चीवर न्यायाधीशबाई बसल्या. सुकलेल्या अंगाच्या, पांढऱ्या केसांच्या, चेहऱ्यावर हसू वा राग यांपैकी काहीच नसलेल्या या बाई खुर्चीवर बसताच ते दुकान दुकान राहिले नाही. भिंतीवरच्या खुंट्यांना लटकलेले तयार कोटसुद्धा सुनावणीला आल्यासारखे सरळ उभे दिसू लागले. मास्तरांचा आवाज आपोआप खाली आला. आपल्याच घरात आपण पाहुणे झालो, असे त्यांना वाटले. आणि त्यात अपमान नव्हता, उलट छाती भरून यावी असे काहीतरी होते.

प्रकरण थोडक्यात असे. पूर्व मतदारसंघातून इंजिनिअर निवडून आले होते आणि डॉक्टरीणबाई पडल्या होत्या. दोघांमध्ये अंतर होते एका मताचे. फेरमोजणी झाली, पुन्हा झाली. ते एक मत जागचे हलले नाही. तेव्हा डॉक्टरीणबाईंच्या वकिलांनी मते मोजणे सोडून मतदार तपासायला घेतले, आणि शोधता शोधता ते मास्तरांच्या घरापाशी येऊन थांबले. कारण पूर्व आणि पश्चिम या दोन मतदारसंघांमधली सीमा कायद्यात 'जुन्या कालव्याच्या मध्यरेषेने' अशी लिहिलेली होती. कालवा केव्हाच बुजवला गेला होता, त्यावर घरे उभी राहिली होती, आणि ती मध्यरेषा आता मास्तरांच्या घराच्या मागच्या खोलीखालून जात होती. मास्तर रात्री पुढच्या बाजूला, दुकानातच, बाजेवर झोपत. ते निःसंशय पूर्वेचे. त्यांची बायको मात्र मागच्या खोलीत झोपे, आणि मत तिनेही पूर्वेत दिले होते.

"कायदा तीन वाक्यांत सांगते," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "सीमा घरातून जात असेल, तर मतदार जिथे झोपतो तिथला. चुकीच्या मतदारसंघात मत दिलं असेल, तर ते मत रद्द होतं, आणि ते कोणाच्या खात्यातून वजा करायचं हे कळावं म्हणून मतदाराला शपथेवर विचारता येतं की मत कोणाला दिलं. पण मत योग्य मतदारसंघात दिलं असेल, तर तो प्रश्न विचारण्याचा अधिकार या न्यायालयाला नाही. बाकी सगळं तपशिलाचं."

मास्तरांनी ही वाक्ये यापूर्वी वकिलांच्या तोंडून ऐकली होती. पण वकिलाच्या तोंडी ती डावपेचासारखी वाटत. इथे, आपल्या शिलाई यंत्राशेजारी, ती भिंतीसारखी उभी राहिली. मास्तरांनी उभ्या हयातीत निवडणूक पाहिली होती ती कर्ण्यांतून, मिरवणुकांतून आणि झेंड्यांतून. इंजिनिअरांचे झेंडे ते स्वतः शिवत, शिलाई न घेता. घरोघर जाऊन त्यांच्या वतीने वाद घालत. आणि वादात सहसा हरत नसत. राज्य म्हणजे गर्दी, एवढेच त्यांचे मत झाले होते. ते राज्य असे चपला दाराबाहेर काढून, एका बाईचा पलंग पाहायला दबक्या पावलांनी घरात येईल, याची त्यांनी कल्पनाही केली नव्हती.

गल्लीतली लहानथोर माणसे जिला 'मावशी' म्हणत ती त्यांची बायको शिलाई यंत्राशेजारच्या स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसली होती. बेकरीतून ती नुकतीच आली होती. मनगटांवर भट्टीच्या चटक्यांचे जुने डाग आणि कोपराशी पिठाची पांढरी रेघ. पहाट व्हायच्या आधी तिला कामावर हजर व्हावे लागे, आणि मास्तरांचे यंत्र रात्री उशिरापर्यंत चाले; म्हणून दोघे वेगळ्या खोल्यांत झोपत. एवढीच गोष्ट. पण ही गोष्ट गल्लीला ठाऊक नव्हती, आणि गल्ली ज्या गोष्टी ठाऊक नसतात त्या स्वतः तयार करते, हे मास्तरांना चांगलेच ठाऊक होते. म्हणूनच आदल्या संध्याकाळी त्यांनी एक तोडगा काढून पाहिला होता.

"अगं, पलंग दुकानात ओढतो," ते म्हणाले होते. "आपण इथेच झोपतो असं सांगू. प्रश्नच मिटला. मत पूर्वेचं, इंजिनिअर सुरक्षित, आणि लोकांच्या जिभाही बंद."

"आणि मी रोज कात्रणांच्या ढिगात झोपते म्हणून शपथेवर सांगू?" मावशी भाजी चिरता चिरता म्हणाली होती. "अहो, उद्या मला शपथ घ्यायची आहे. तुमच्यासारखं गिऱ्हाइकाला 'परवा नक्की' म्हणायचं नाही."

"पण सीट जाईल ना! तुझं मत रद्द झालं की आमचं एक कमी. बरोबरी. परत निवडणूक. परत झेंडे."

"मग शिवा झेंडे."

"तुला काहीच वाटत नाही?"

"मला वाटतं की मी मागच्या खोलीत झोपते," असे म्हणून तिने चिरलेली भाजी पातेल्यात लोटली होती, आणि वाद तिथेच संपला होता. गल्लीत कोणाला न हरणारे मास्तर घरात रोज असेच हरत.

न्यायालय मागच्या खोलीकडे निघाले. खोली अरुंद होती. दुकानाच्या भिंतीपासून समोरच्या खिडकीपर्यंत लांबीने पलंग टाकलेला, त्याच्या बाजूने एक माणूस कसाबसा जाईल एवढी वाट. कमरेला खडूची पिशवी बांधलेला, वयस्कर आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याचा मोजणीदार बाहेरच्या दगडी खुणांवरून दोर ताणत आत आला, दोर पलंगाखालून काढला आणि वाकून फरशीवर पांढरी रेघ ओढली. रेघ पलंगाच्या बरोबर मधून गेली होती.

मास्तर त्या रेघेकडे पाहतच राहिले. या फरशीवरून ते असंख्य वेळा गेले होते, तिच्यावर सांडलेले पाणी त्यांनी पुसले होते. आणि इतकी वर्षे तिच्याखाली ही रेघ होती. एका बाजूचे लोक ज्याला निवडत तो त्यांच्यासाठी कायदे करणार, दुसऱ्या बाजूचे दुसऱ्याला निवडणार, आणि या दोन प्रजांच्या मधली सरहद्द त्यांच्या घरात एका पलंगाखाली निमूट झोपलेली. वाहते पाणी जाऊन दोन पिढ्या लोटल्या होत्या, तरी त्याची मध्यरेषा जिवंत होती. मास्तरांनी नकळत पाय मागे घेतला. कोणी झोपलेले असावे आणि त्याला धक्का लागू नये, तसा.

"अर्धी पूर्वेला, अर्धी पश्चिमेला," मोजणीदार पुटपुटला. "पायांना वेगळं ओळखपत्र द्यावं लागणार."

"तुमचं मत विचारलेलं नाही," न्यायाधीशबाई म्हणाल्या; पण त्यांच्या ओठाचा एक कोपरा क्षणभर हलल्याचे मास्तरांनी पाहिले. मग त्या मोठ्याने विचार करावा तशा बोलू लागल्या. "कायदा म्हणतो 'जिथे झोपतो'. पलंग सीमेवर आडवा असेल तर काय, हे कायद्याला सुचलं नाही. माणूस झोपतो तेव्हा तो कुठे असतो? जिथून तो उठून विचार करू लागतो, तिथे. डोकं जिथे, तिथे मतदार. उशी कुठे आहे?"

सगळ्यांची नजर एकदम पलंगावर गेली. उशी खिडकीकडच्या टोकाला होती. पश्चिमेला.

डॉक्टरीणबाईंच्या तरुण वकिलाने आपला चष्मा सारखा केला. या चष्मेवाल्याचा आवाज गोड होता आणि त्यामुळेच मास्तरांना तो पहिल्यापासून खटकत होता. "उशी पश्चिमेला आहे, बाईसाहेब. न्यायालयाने स्वतः पाहिलं. मला वाटतं, आता मावशींना थेट विचारता येईल की त्यांनी मत कोणाला..."

"नाही," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "मी निर्णय देईपर्यंत त्या प्रश्नाचा पहिला शब्दही उच्चारायचा नाही. बाई, तुमची उशी रोज इथेच असते का?"

"नाही," मावशी म्हणाली. "भिंतीशी असते. दुकानाच्या भिंतीशी."

"मग आज इथे कशी?"

मावशीने सावकाश मान वळवून नवऱ्याकडे पाहिले.

"मी ठेवली," ते म्हणाले.

"का?"

"न्यायालय येणार म्हणून नवा अभ्रा शिवला, रात्री. कापड कमी पडलं, म्हणून एका कडेला जोड द्यावा लागला. दारातून आत येणाऱ्याला पहिल्यांदा तीच कड दिसली असती. म्हणून मग..." मास्तरांनी घसा खाकरला. "जोड दिसू नये म्हणून उशी तिकडच्या टोकाला ठेवली. ही बेकरीत गेलेली होती."

चष्मेवाला वकील आता खरोखरच हसला. "म्हणजे राज्याचा एक आमदार कोण, हे एका अभ्र्याच्या जोडावर ठरायचं? बाईसाहेब, हे गृहस्थ इंजिनिअरांचे कार्यकर्ते आहेत. नवरा आहेत. आणि बाईंनी भिंत म्हटलं ते रेघ ओढून झाल्यावर. उशी पुराव्यात आहे. बाकी सगळं घरच्या घरी जुळवलेलं बोलणं आहे."

"मुद्दा रास्त आहे," न्यायाधीशबाई म्हणाल्या, आणि मास्तरांच्या पायाखालची फरशी, रेघेसकट, सरकली. "घरातल्या माणसांच्या बोलण्याखेरीज दुसरा काही पुरावा असेल तर दोन्ही बाजूंनी शोधावा. तोवर थोडा वेळ काम थांबवू."

इंजिनिअरांचे वकील हे स्थूल आणि सुस्कारे टाकणारे गृहस्थ होते. त्यांनी मास्तरांना दंडाला धरून यंत्राच्या आड नेले. "मास्तर, नीट ऐका. तुमच्या मंडळींनी मत आपल्याला दिलं असेल, तर ते रद्द होऊन चालणार नाही, बरोबरी होईल. मग आपण भिंतीसाठी जिवाचं रान करायचं. पण समजा," इथे त्यांनी आवाज आणखी खाली आणला, "समजा त्यांनी डॉक्टरीणबाईंना दिलं असेल. मग ते रद्द होऊ दे की! त्यांचं एक कमी होईल, आपली आघाडी दोनाची. त्या पोरट्यानं स्वतःच्या हाताने स्वतःचा खड्डा खणलेला असेल. तेव्हा फक्त एवढं सांगा: कोणाला दिलं?"

"म्हणजे काय, आपल्या..." मास्तरांनी तोंड उघडले, आणि ते तसेच उघडे राहिले.

कारण त्या वाक्याचा पुढचा शब्द त्यांच्यापाशी नव्हता. खिशात किल्ली आहे असे माणूस दिवसभर धरून चालतो आणि दाराशी येऊन खिसा चाचपतो, तसे त्यांचे झाले. प्रत्येक निवडणुकीला मावशी छत्री घेऊन मतदानाला जाई, परत येई आणि छत्री खुंटीला अडकवून स्वयंपाकाला लागे. त्यांनी कधी विचारले नव्हते. विचारायचे काय त्यात? घरावर झेंडा होता, दुकानात झेंड्यांचे गठ्ठे होते. ते धरून चालले होते. पण आता त्यांना आठवले की डॉक्टरीणबाईंनी तिच्या गुडघ्याचे दुखणे घरी येऊन पाहिले होते आणि तिच्याशी कितीतरी वेळ भट्टीच्या धुराबद्दल बोलत बसल्या होत्या. हेही आठवले की इंजिनिअरांनी बेकरीपुढचा रस्ता खरोखर नीट करून दिला होता आणि तिने त्याचे कौतुक केले होते. दोन्ही बाजूंना सारखेच वजन. इतक्या वर्षांच्या संसारात या बाईची प्रत्येक साडी, प्रत्येक खोकला, प्रत्येक रुसवा त्यांच्या मापात बसला होता. आणि एक खोली तिच्यापाशी अशी होती की जिच्या दारापर्यंतसुद्धा ते कधी गेले नव्हते.

"ठाऊक नाही," ते म्हणाले.

वकिलांनी सुस्कारा टाकला. "मग विचारून या. बायकोच आहे तुमची."

मावशी स्वयंपाकघरात चहाचे कप विसळत होती. मास्तर उंबऱ्यावर उभे राहिले. आत पाण्याची धार, बाहेर दुकानात कागदांची सळसळ.

"जोड झाकायला उशी तिकडे ठेवलीत होय," ती मागे न पाहता म्हणाली. "मला वाटलंच. एवढा मोठा न्याय चाललाय आणि तुमचं लक्ष शिवणीवर."

"जोड नीट बसला नव्हता गं."

"कधी बसलाय?" पण ती हसली. मग तिने नळ बंद केला आणि पदराला हात पुसत वळली. "काय म्हणताहेत तुमचे वकील?"

"म्हणताहेत, तुला एक गोष्ट विचारून ये."

"मग विचारा."

मास्तरांनी गळ्यातल्या फितीचे टोक बोटाला गुंडाळले.

"विचारलंत तर सांगेन," मावशी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आर्जवही नव्हते. "तुमच्याशी आजवर खोटं बोलले नाही, आजही बोलणार नाही. पण विचारायचंच असेल तर इथे विचारा. बाहेर त्या चष्मेवाल्यानं सगळ्यांसमोर विचारण्याआधी."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिले. तिच्या कोपराची पिठाची रेघ आणि फरशीवरची खडूची रेघ दोन्ही सारख्याच पांढऱ्या होत्या. तिचे मत कोणाला, एवढे कळले की सगळे सोपे होते. एक शब्द, आणि भिंतीसाठी झगडायचे की गप्प बसायचे हे ठरले असते. सीट वाचली असती, वकील खूश झाले असते. परंतु बाहेर ज्या बाई बसल्या होत्या, ज्यांच्या हातात सारे न्यायालय होते, त्यांनीसुद्धा त्या एका प्रश्नाच्या पहिल्या शब्दापाशी हात वर केला होता. पोलीस, कायदा, शिक्के, मोजणीचे दोर, सारे राज्य या बाईच्या दारापाशी येऊन थांबले होते. जो विचारायचा अधिकार एवढ्या राज्यालाही नव्हता, तो प्रश्न आपण चहाचा कप मागावा तसा स्वयंपाकघरात विचारायचा? समोरची बाई त्यांना एकाएकी उंच वाटली; आपल्या बायकोकडे पाहताना मान वर करावी लागेल, इतकी.

"चहा उरलाय का?" त्यांनी विचारले.

मावशी क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिने ओतून दिला.

न्यायालय पुन्हा मागच्या खोलीत जमले. पुरावा काही सापडला का, असे न्यायाधीशबाईंनी विचारताच इंजिनिअरांच्या वकिलांनी मास्तरांकडे आशेने पाहिले. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलेच नाही.

"माझ्याकडे आहे," ते म्हणाले. "ही भिंत."

"अहो!" मावशी एकदम म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदाच तिचा चेहरा लाल झाला.

"असू दे गं. खरं तर आहे." मास्तर न्यायाधीशबाईंकडे वळले. "रात्री मी त्या बाजूला यंत्र चालवतो. फार उशीर झाला की ही भिंतीवर ठोकते. दोनदा. म्हणजे, पुरे आता, झोपा. मी कात्रीच्या मुठीने एकदा ठोकतो. म्हणजे, झालंच. माझी जुनी पितळी टोपी, शिवताना बोटात घालतो ती, हिने ठेवून घेतली आहे ठोकायला. निजल्या जागेवरून हात पोचतो म्हणून. डोकं खिडकीकडे असतं तर पाय लांबवून ठोकावं लागलं असतं."

मोजणीदाराने खोकल्याचे निमित्त करून तोंड फिरवले. चष्मेवाला म्हणाला, "फार सुंदर गोष्ट आहे. आणि ती नुकतीच स्वयंपाकघरात रचलेली नाही कशावरून?"

न्यायाधीशबाई उठल्या. भिंतीवर खिळ्याला एक पंचा टांगला होता. तो त्यांनी बाजूला केला. पलंगाच्या उंचीपेक्षा वीतभर वर, चुन्यात एक वाटोळा खळगा पडला होता, वाळलेल्या बोराएवढा, आणि त्याच्या तळाला पितळेची पिवळसर झाक. खिळ्याशेजारच्या कोनाड्यात टोपी होती. त्यांनी ती उचलून खळग्याला लावून पाहिली. चपखल बसली. त्यांनी दुकानाच्या बाजूला जाऊन पाहिले. तिथेही, बेतायच्या टेबलाच्या कडेला, कात्रीच्या मुठीने चुना खरवडला गेला होता.

"खळगा जुना आहे," चष्मेवाला म्हणाला. "पण कोणी, कधी, कशासाठी केला हे भिंत सांगत नाही."

"पाहू," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "मास्तर, तुम्ही दुकानात थांबा. तुमची विजार अर्धी राहिली आहे ना? ती पुरी करा. मोजणीदार तुमच्याशेजारी उभे राहतील. बाकी सगळे इथे."

मास्तर दुकानात आले. काय चालले आहे हे त्यांना कळेना. पण हातात कात्री आली आणि कापडावर खडूची खूण दिसली की त्यांचे डोके शांत होई. त्यांनी विजार पुढे ओढली. मोजणीदार शेजारी उभा राहून पाहू लागला. कात्री कापडातून तो ओळखीचा कुरकुरणारा आवाज करीत चालली. मागच्या खोलीत सगळे चिडीचूप. मास्तर वळणापाशी आले, जीभ दातांत धरली, आणि न्यायालय, रेघ, इंजिनिअर, डॉक्टरीणबाई, सारे त्या वळणापुरते विसरले.

भिंतीतून आवाज आला. टक, टक.

मास्तरांनी वर पाहिले नाही. त्यांच्या डाव्या हाताने कापड धरून ठेवले, उजवा हात कात्रीसकट भिंतीकडे गेला, मुठीने एकदा ठोकले, आणि सवयीने तोंडातून शब्दही बाहेर पडले, चांगले मोठ्याने:

"झालंच गं, एवढी शिवण!"

मग त्यांचे त्यांनाच ऐकू आले. कात्री हातात तशीच राहिली. मोजणीदाराचे डोळे ओले झाले होते आणि तो ते लपवायचा प्रयत्नही करीत नव्हता.

मास्तर दाराशी आले. पलंगाच्या भिंतीकडच्या टोकाला न्यायाधीशबाई बसल्या होत्या, बोटात पितळी टोपी. चष्मेवाल्या वकिलाने चष्मा काढून हातात घेतला होता. मावशी खिडकीपाशी सर्वांकडे पाठ करून उभी होती.

"साक्षीदाराला पढवता येतं," न्यायाधीशबाई हळू आवाजात म्हणाल्या. "हाताला पढवायला वर्षं लागतात. वकीलसाहेब, तुमचं आणखी काही?"

चष्मेवाल्याने मावशीच्या पाठीकडे पाहिले. त्याच्या ओठांवर तो प्रश्न अजून होता, हे मास्तरांना दिसत होते. या खोलीत त्या प्रश्नाचे उत्तर ऐकायला आतुर नाही असे कोणीही नव्हते, मास्तरसुद्धा. उत्तर तिथेच, हाताच्या अंतरावर, एका पाठमोऱ्या बाईपाशी होते. पूर्व मतदारसंघाचा सगळा पसारा, त्याच्या गल्ल्या, कारखाने, दवाखाने, हजारो दारे आणि त्या दारांआडची माणसे, या क्षणी तिच्या गप्प राहण्यावर तोलून धरलेली होती. आणि प्रत्येक दाराआड असेच एक गप्प राहणे होते. मास्तरांना ते सारे एकदम दिसले. आजवर ज्याला ते गर्दी म्हणत आले होते ते हे होते. त्यांनी गळ्यातली फीत काढली, आणि का ते न कळता घडी घालून खिशात ठेवली.

"नाही, बाईसाहेब," चष्मेवाला म्हणाला. "काही नाही."

न्यायाधीशबाईंनी टोपी कोनाड्यात होती तशी ठेवली, पंचा खळग्यावर पुन्हा ओढला, खिडकीकडची उशी उचलून भिंतीशी आणून ठेवली, जोडाची कड वर, आणि शिपायाला लिहून घ्यायची खूण केली.

"उशी पूर्वेला आहे. मत कायदेशीर आहे. निवडणुकीचा निकाल कायम," त्या म्हणाल्या, आणि मग, वकिलांकडे नव्हे तर दारात उभ्या असलेल्या मास्तरांकडे पाहून, "मत कोणाला दिलं, हे या बाईंना कोणी विचारायचं नाही."